व्हॉल्व्हचा ‘गोड’ आवाज : एक अपुरे स्पष्टीकरण

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज गोड होता, असे म्हणणारे हमखास भेटतात. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारेही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल तेच सांगतात. कारण विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : व्हॉल्व्ह मूळ स्वरात सम पटींचे स्वर मिसळतो, ट्रान्झिस्टर विषम पटींचे. उत्तर सुटसुटीत आहे, पण आम्हांला ते अपुरे वाटते.

गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते. २२० व ४४० या तिच्या सम पटी. ३३० व ५५० या विषम. आता अमेरिकेतील फेंडर कंपनीचा १९५०च्या दशकाअखेरचा नावाजलेला ‘बेसमन’ अ‍ॅम्प्लिफायर पाहू. त्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. तरंगाची एक बाजू एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. आवाज वाढवल्यावर तरंग दोन्हीकडून सारखाच कापला जातो आणि त्या टप्प्यात निर्माण झालेल्या सम पटी एकमेकींना रद्द करतात. उरतात मुख्यतः विषम! सुरुवातीच्या टप्प्यात व्हॉल्व्ह एकेकटे असतात, तिथे सम पटी येतात हे खरे. पण तेवढ्याने गोडवा सिद्ध होत नाही.

मग फरक कशात? आमच्या मते, रचनेत. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटवून पुन्हा आत दिला की विकृती कमी होते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा उपाय बहुधा भरपूर वापरतात. त्यामुळे मर्यादेपर्यंत आवाज स्वच्छ राहतो आणि मग तरंग एकदम तुटतो. बेसमनमध्ये तो बेताचा आहे, म्हणून तरंग हळूहळू दबतो. जोरात तार छेडली की वीजपुरवठ्याचा दाबही क्षणभर उतरतो. ध्वनिमुद्रिका ऐकण्याच्या यंत्रात हा दोष ठरेल; वादकाला मात्र तो हवासा वाटतो.

१९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात याच मंडलाची जवळजवळ नक्कल झाली. पहिला व्हॉल्व्ह अधिक वर्धन करणारा घेतला. १० इंची चार स्पीकरांच्या, मागून उघड्या पेटीऐवजी १२ इंची चार स्पीकरांची बंद पेटी वापरली. आवाज निराळा झाला. व्हॉल्व्ह तर दोन्हीकडे होतेच!

विद्यार्थ्यांना आलेख-कागदावर एक तरंग वरखाली सारखा आणि दुसरा एकाच बाजूने कापायला सांगावा. पहिल्यात खालचा अर्धा भाग वरच्याची हुबेहूब उलटी प्रत दिसेल. अशा तरंगात सम पटी नसतात. खरे यंत्र मात्र उघडू देऊ नये. आत ४००हून अधिक व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते संधारित्रात टिकून राहतात.

गुण वस्तूच्या नावाला चिकटवणे सोपे असते. तो रचनेत शोधणे हे विज्ञानाचे काम.