परीक्षण कोण लिहिणार?

मराठी नाटकाच्या गप्पांत झाशीचं नाव निघायचं कारण नाही; पण तिथे राणी लक्ष्मीबाईंचे यजमान गंगाधरराव नेवाळकर यांना नाटकाचा भारी शौक होता, ते स्वतः स्त्रीभूमिकाही करत, असं सांगतात. १८५३ साली ते गेले. पुढे १८५८च्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत अडकले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राजाच्या स्त्रीवेषाबद्दल कानावर आलेलं आहे, पण नाटकाचं परीक्षण काही ते नव्हे. लिहिणारा जागेवर नसला की नाटक जातं आणि कंड्या उरतात.

छोट्या नाटकांची गत आजही फार वेगळी नाही. १९७४च्या सुमारास दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रयोग सुरू केले. गल्लीत ‘श्रीकृष्ण’चा वडा, वर शाळेचा हॉल, संवादांत मिसळणारा रस्त्याचा आवाज. तेव्हा लिहिणारे होते. ‘सोबत’मध्ये माधव मनोहर कोणतं नाटक कुठून उचललंय ते पुराव्यानिशी दाखवत, पुष्पा भावे ‘माणूस’मध्ये लिहीत. तरीही त्या काळाचा इतिहास मांडताना शांता गोखले यांना ‘द सीन्स वी मेड’साठी माणसांच्या आठवणी गोळा कराव्या लागल्या. छबिलदासची ही स्थिती, तर गावोगावच्या हौशी संस्थांबद्दल काय बोलावं!

वर्तमानपत्रांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पुरवणीतली जागा आटली, हे खरंच. व्यावसायिक नाटक दर आठवड्याला जाहिरात देतं, त्याचे शंभर प्रयोग होतात. परीक्षण महिन्याने आलं तरी चालतं. प्रायोगिक नाटकाचे जेमतेम पाच-दहा प्रयोग. परीक्षण छापून येईपर्यंत सेटच्या फळ्या दुसऱ्या नाटकाला लागलेल्या असतात.

पण थोडा दोष आपल्याकडेही आहे. समीक्षकाला आपण शुभारंभालाच बोलावतो. त्या दिवशी प्रकाशयोजनाकार तिसऱ्या घंटेपर्यंत शिडीवर असतो, नटाला दुसऱ्या अंकातली एक्झिट नीट सापडलेली नसते. मग परीक्षणात ‘प्रयोग अजून बांधला गेलेला नाही’ असं आलं की आपण रुसतो. चौथ्या-पाचव्या प्रयोगाला बोलवावं. आठवडाभर आधी संहिता पाठवावी. सकाळी पास आणि संध्याकाळी ‘नक्की या हं’ असा व्हॉट्सॲप, ही काही निमंत्रणाची रीत नव्हे.

स्पर्धांनी आणखी एक सवय लावली. राज्य नाट्य स्पर्धा असो की १९६३पासून चाललेला पुरुषोत्तम करंडक, परीक्षक अंधारात वहीत भराभर लिहीत असतात. त्या टिपणांतून बाहेर काय येतं? क्रमांक. उत्तेजनार्थ दुसरा का आणि तिसरा का नाही, हे त्या वहीतच राहतं. परीक्षकांनी त्यातली दोन पानं जरी छापायला दिली, तरी जिल्ह्याच्या गावातल्या संस्थेला आयुष्यातलं पहिलं परीक्षण मिळेल. अर्थात मग परीक्षकांना आपल्या मताची जबाबदारीही घ्यावी लागेल. तेच कदाचित नको असेल.

मराठीत नाट्यसमीक्षा हा पोटापाण्याचा धंदा क्वचितच होता. पुष्पाबाई प्राध्यापक होत्या. जयंत पवार वर्तमानपत्रात परीक्षणं लिहीत आणि ‘अधांतर’सारखं नाटकही लिहीत. तेव्हा लिहिणारा मुंबईहूनच आला पाहिजे असं कुठे आहे? गावातल्या कॉलेजात मराठी शिकवणारी बाई, वाचनालयाचा ग्रंथपाल, हे चालतील. अडचण एकच, ते आपल्या ओळखीचे असतात. ओळखीचा माणूस फेसबुकवर ‘अप्रतिम, जरूर पाहा’ लिहितो आणि सुटतो. त्याला आधीच सांगावं की नाटकात काय घडलं ते लिही, कुठे कंटाळा आला तेही लिही. त्याला पास जरूर द्यावा. चहाला मात्र परीक्षण छापून आल्यावरच बोलवावं.