चाल, ओवी आणि वचन : बालकांच्या बायबल-पाठांतरातील गीतांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या शब्बाथशाळांत आणि सुट्टीतील बायबल-वर्गांत पाठांतराच्या वचनाला मानाचे स्थान असते. बायबलमधील एखादे वचन अध्याय व ओवी-क्रमांकासह मुखोद्गत करून घेणे हा बालकांच्या धर्मशिक्षणाचा पाया मानला जातो. हे पाठांतर सुकर व्हावे म्हणून वचनाला चाल लावली जाते आणि मुले ते गाऊ लागतात. गाण्यामुळे पाठांतर सोपे होते, हा अनुभव सार्वत्रिक असल्याने या पद्धतीची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. परंतु मुलाच्या स्मरणात नेमके काय राहते, वचनातील शब्द, त्याचा अर्थ की केवळ चाल, हा प्रश्न साहित्य, संगीत आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात मराठी परंपरेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. 'वचन' या घटकाचे स्वरूप

पाठांतरासाठी सुटे वचन निवडण्याची पद्धत आज स्वाभाविक वाटते. पण क्रमांकित वचन ही मुद्रणयुगाने दिलेली सोय आहे. रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या करारात वचनांचे जे क्रमांक घातले, तेच पुढे रूढ झाले. त्यापूर्वी नव्या कराराचा वाचक पत्र वाचत होता, वृत्तांत वाचत होता. 'चौथ्या अध्यायाचे तेरावे वचन' अशी गोष्ट त्याच्यासमोर नव्हती. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये सुरू केलेल्या कार्यातून रविवारच्या शाळांची चळवळ फोफावली. तिच्यामुळे क्रमांकित वचन हे अध्यापनाचे सोयीचे माप ठरले. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत महाराष्ट्रातही आली.

सोय म्हणून हे माप उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र क्रमांक हा संदर्भ शोधण्यासाठी असतो. अर्थ तेथे पूर्ण होतोच असे नाही. चालीमुळे ही मर्यादा अधिक ठळक होते. गद्यात पाठ केलेले वचन 'पुढे काय?' असा प्रश्न शिल्लक ठेवते. गाण्याची चाल मात्र समेवर येऊन पूर्ण होते आणि तिच्याबरोबर विचारही पूर्ण झाला, असा भास निर्माण करते.

२. पठण आणि गायन यांतील भेद

शब्द जसाच्या तसा जतन करायचा असेल तर त्याला चाल लावावी, असे भारतीय परंपरेने मानलेले नाही, ही बाब येथे लक्षणीय ठरते. ऋग्वेदाची संहिता टिकली ती पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींनी. तेथे स्वर मोजके आहेत आणि ते शब्दाच्या अधीन आहेत. याउलट सामगानात ऋचेतील अक्षरे लांबवली जातात आणि 'स्तोभ' नावाची अर्थहीन अक्षरे मध्ये घातली जातात. म्हणजे पठण शब्दाचे रक्षण करते आणि गायन शब्दाला स्वराच्या स्वाधीन करते, हा भेद आपल्या पूर्वसूरींनी स्पष्ट ओळखला होता. हिब्रू शास्त्राच्या पठणातही शब्दांवरील स्वरचिन्हे वाक्याची फोड दाखवतात. कोठे थांबावे आणि कोठे जोडून म्हणावे, हे त्यांवरून कळते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बालपणी भागवतपुराणासारखे ग्रंथ मुखोद्गत केलेल्या या विदुषीने आयुष्याच्या उत्तरार्धात संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले; ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या रमाबाईंनी सामान्य स्त्री-पुरुषांसाठी मात्र आधी भाषा सुगम करण्याचा मार्ग पत्करला. जे पाठ करायचे ते आधी कळले पाहिजे, असे मर्म या घटनेतून काढता येईल.

३. स्टीफन्स यांच्या दोन रचना

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत बायबलमधील कथा सांगतो. आपली जुनी पुराणे सुटल्यावर त्यांच्या जागी वाचायला काही हवे, अशी नवख्रिस्ती व्यक्तीची मागणी ग्रंथारंभी येते. स्टीफन्स यांनी तिला ओवीने उत्तर दिले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. त्यामुळे तिला वारंवार विसावा मिळतो आणि श्रोत्याच्या मनात कथेचा धागा टिकून राहतो.

परंतु याच स्टीफन्स यांनी धर्मतत्त्वांच्या शिकवणीसाठी कोकणीत 'दौत्रिन क्रिस्तां' हे प्रश्नोत्तररूप गद्य पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. एकाच लेखकाने दोन हेतूंसाठी दोन रूपे निवडली, या गोष्टीकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. जेथे कथा आणि भाव पोचवायचे तेथे ओवी. जेथे उत्तर नेमक्या शब्दांत हवे तेथे गद्य. 'ख्रिस्तपुराणा'तील ओवी पाठ करणारा मनुष्य बायबलचे वाक्य नव्हे, तर स्टीफन्स यांची ओवी पाठ करीत होता. त्यात फसवणूक नव्हती, कारण ओवी स्वतःला मूळ वचन म्हणवत नव्हती.

४. टिळकांची देशी वाट

एकोणिसाव्या शतकातील मराठी मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते प्रचारात होती. अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला चालना दिली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन आणि ओवी या रूपांत विपुल रचना केली. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले व ते लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेल्या टिळकांची भक्तिगीते मंडळीतील लहानथोरांच्या ओठी रुळली, याचे कारण केवळ आशयात नाही. मराठी वाक्याचा श्वास आणि चालीचा श्वास त्यांत एक आहे.

मराठी गद्यवाक्यात क्रियापद प्रायः शेवटी येते. वाक्याचा उलगडा तेथे होतो. परक्या चालीचा ठहराव मात्र मूळ भाषेच्या वाक्यरचनेनुसार पडतो. अशा चालीवर मराठी वचन बसवले की यतिभंग होतो. 'देवावर' हा शब्द 'देवा' येथे तोडून 'वर' पुढील ओळीत नेला, तर ऐकणाऱ्या मुलाला प्रथम संबोधन ऐकू येते आणि मग एक सुटा शब्द. अद्याप वाचता न येणारे मूल केवळ कानावर विसंबून असते. चुकीच्या जागी तुटलेला शब्द ते तसाच पाठ करते आणि चालीमुळे तो तसाच पक्का होतो.

५. प्रचलित वचनगीतांच्या उणिवा

वरील विवेचनाच्या प्रकाशात प्रचलित वचनगीतांच्या दोन प्रमुख उणिवा दाखवता येतात.

पहिली उणीव रूपाविषयीच्या संभ्रमाची. काही गीतांत मूळ वचनातील शब्द चालीसाठी गाळले वा बदलले जातात आणि शेवटी संदर्भ-क्रमांकही गायला जातो. परिणामी मूल रूपांतरालाच मूळ वचन समजते. स्टीफन्स आणि टिळक यांच्या रचनेत हा संभ्रम नाही. आयझॅक वॉट्स यांनी १७१५ मध्ये मुलांसाठी गीतसंग्रह काढला, तेव्हा पद्यात शिकलेले अधिक काळ लक्षात राहते असा युक्तिवाद त्यांनी प्रस्तावनेत केला. पण त्यांची गीते शिकवण देणारी स्वतंत्र पद्ये होती.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, ती म्हणजे संदर्भाचा लोप. फिलिप्पैकरांस पत्रातील ४:१३ हे वचन मुलांना मोठ्या आवडीने शिकवले जाते. सुटे गायल्यास ते यशाचे आश्वासन वाटते; परीक्षा असो की खेळाची स्पर्धा, सर्वत्र ते लागू केले जाते. वस्तुतः बंदिवासातून लिहिलेल्या या पत्रात लगतच्या ओळी विपन्नता आणि संपन्नता, भूक आणि तृप्ती या दोन्ही अवस्थांत समाधानी राहण्याविषयी आहेत. सामर्थ्य आहे ते जिंकण्याचे नव्हे, तर निभावण्याचे. यिर्मया २९:११ हे असेच दुसरे वचन. ते बाबेलमधील निर्वासितांना उद्देशून आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांच्या प्रतीक्षेचा उल्लेख आहे. नापास झालेले किंवा घरात आजारपण पाहणारे मूल जेव्हा हे गीत आठवते, तेव्हा गाळलेल्या ओळींचीच त्याला खरी गरज असते. उत्साही चालीने दिलेले आश्वासन खोटे ठरले असे त्याला वाटू शकते. प्रत्यक्षात ते आश्वासन त्या रूपात दिलेलेच नव्हते.

बायबलला स्वतःला गीताच्या स्मरणशक्तीची जाणीव आहे. अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात मोशेला एक गीत लिहून लोकांना तोंडपाठ करून देण्याची आज्ञा होते. परंतु ते गीत लोकांच्या भावी कृतघ्नतेविरुद्ध साक्ष म्हणून राहावे, असा तेथे हेतू आहे. अप्रिय सत्यही विसरू नये म्हणून गीत, ही दृष्टी केवळ आश्वासक वचने निवडणाऱ्या आजच्या गीतांत अभावानेच आढळते.

६. ध्रुवपदाची शक्यता

यावर गीत सोडून देणे हा उपाय नव्हे. वाँडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, एकच सोपी चाल अनेक कडव्यांत पुन्हा पुन्हा आली तर गायलेला मजकूर बोललेल्या मजकुरापेक्षा अधिक आठवतो. एकच कडवे ऐकले असता हा लाभ दिसला नाही. हे प्रयोग मराठी मुलांवरचे नाहीत, हे ध्यानात ठेवूनही त्यांतील सूचना मोलाची आहे. चाल स्वतः परिचित झाल्यावरच ती शब्दाला आधार देते. एका वचनाला एक नवी चाल, ही पद्धत या दृष्टीने दुबळी ठरते.

अनेक कडवी, एक चाल आणि फिरून येणारी एक ओळ, हे वर्णन गायल्या जाणाऱ्या अभंगाचेच आहे. ध्रुवपद घोळून म्हटले जाते. प्रत्येक चरणानंतर टाळकरी त्याकडे परततात आणि प्रत्येक परतीला त्याचा अर्थ थोडा वाढतो. स्तोत्रसंहितेतील १३६ व्या स्तोत्राची घडण अशीच आहे : सव्वीस वचनांपैकी प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच, आणि पूर्वार्धांतून सृष्टीची उत्पत्ती व इजिप्तमधून सुटका यांची कथा उलगडते.

हे तत्त्व वचनगीताला लावता येईल. पाठांतराचे वचन शब्दशः, वाक्याच्या नैसर्गिक विरामांनुसार, मोजक्या स्वरांत ध्रुवपद म्हणून ठेवावे. चरणांत मात्र कवीने आपल्या शब्दांत लगतचा संदर्भ सांगावा. फिलिप्पैकरांस पत्रातील वचन घेतल्यास एका चरणात बंदिवास, दुसऱ्यात भूक, तिसऱ्यात तृप्ती येईल आणि प्रत्येक वेळी मूल त्याच वचनाकडे निराळ्या अवस्थेतून परतेल. यामुळे पठणाची अचूकता आणि ओवीचा कथाप्रवाह एकाच गीतात नांदतील. मूळ वचन कोणते आणि कवीचे शब्द कोणते, हेही मुलाला आपोआप कळेल.

निष्कर्ष

वचनगीताचे मूल्यमापन आजवर 'मुलांना पाठ झाले का?' या एकाच कसोटीवर होत आले. प्रस्तुत विवेचनातून आणखी दोन कसोट्या पुढे येतात : वचनातील शब्द चालीत अभंग राहिले का, आणि वचनाचा शेजार मुलाच्या कानी पडला का. स्टीफन्स यांनी दोन हेतूंसाठी दोन रूपे वापरली. टिळकांनी मराठी श्वासाची चाल दिली. या दोन्हींचा समन्वय साधणारे ध्रुवपद मराठी परंपरेत शतकानुशतके सिद्ध आहे. बालपणी पाठ झालेले शब्द मनुष्याला वार्धक्यापर्यंत सोबत करतात. म्हणूनच ते अर्धवट असू नयेत, याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर आणि गीत रचणाऱ्यावर येते.