पुसलेला धूर : दिल्लीचे भूदृश्य आणि छायाचित्राचे प्रामाण्य

छायाचित्राकडे आपण सहसा प्रत्यक्ष प्रमाण म्हणून पाहतो. चित्रकाराने रंगविलेला डोंगर खरोखर तसाच होता का, असे आपण विचारीत नाही. छायाचित्रातील डोंगराबद्दल मात्र हाच प्रश्न प्रथम मनात येतो. याचे कारण, छायाचित्र रचनेबरोबर एक ग्वाहीही देत असते : अमुक स्थळी, अमुक क्षणी कोणी एक उभा होता आणि त्याच्यापुढे हे होते. ही ग्वाही आपण पडताळलेली नसते. ती दुसऱ्यावर विसंबून स्वीकारलेली असते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर भूदृश्याचे छायाचित्र प्रत्यक्षाचे रूप घेऊन येते, पण त्याचे बळ शब्दप्रमाणाचे असते. आणि शब्दप्रमाण सांगणाऱ्याच्या आप्ततेवर, म्हणजे जाणलेले जसेच्या तसे सांगण्याच्या त्याच्या वृत्तीवर उभे असते. फेरफारांचा प्रश्न या अंगाने तपासण्यास दिल्लीचा छायाचित्र-इतिहास विशेष उपयोगी आहे.

फेरफार ही संगणकाने आणलेली विकृती आहे, हा रूढ समज इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकातील निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असे; जमीन नीट उमटेपर्यंत आकाश बिघडून जाई. आग्र्यास ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. जॉन मरे आपल्या मोठ्या कागदी निगेटिव्हांवरील आकाशाचा भाग काळ्या रंगाने झाकीत, त्यामुळे प्रतीत ते कोरे, पांढरे उमटे. त्याच दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्र एका निगेटिव्हवरून व ढग दुसऱ्या निगेटिव्हवरून छापून सागरचित्रे सिद्ध केली. दोन्ही फेरफारच, तरीही त्यांत भेद आहे. मरे यांचे कोरे आकाश खोटे बोलत नाही, ते मौन पाळते. ल ग्रे यांचे ढग बोलतात, पण दुसऱ्याच क्षणाविषयी बोलतात. कलाकृती म्हणून ती चित्रे श्रेष्ठ आहेत. त्या दिवसाच्या हवामानाची साक्ष म्हणून मात्र ती उपयोगाची नाहीत.

उलटपक्षी, निगेटिव्हला हातही न लावता छायाचित्र संदिग्ध राहू शकते. फेलिचे बेआतो यांनी १८५८ मध्ये जामा मशिदीच्या मिनारावरून दिल्लीचे विस्तीर्ण जोडचित्र घेतले. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा जिंकल्यावर रहिवाशांना तेथून हुसकावण्यात आले होते. हिंदूंना आधी आणि मुसलमानांना बऱ्याच उशिरा परतू दिले गेले. याच काळात वापरात असलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे आणि चालती माणसे तिच्यावर बहुधा उमटत नसत. मग त्या काळच्या दिल्लीच्या दृश्यांतील निर्मनुष्य रस्त्यांचा अर्थ काय लावावा? माणसे नव्हती, की ती चालत होती म्हणून दिसत नाहीत? काच या दोन्ही गोष्टी एकाच शून्यतेने दाखविते. निर्वासनाचा इतिहास चित्राबाहेरून कळल्याखेरीज ती शून्यता वाचता येत नाही. त्याच वर्षी लखनौच्या सिकंदर बागेत बेआतो यांनी घेतलेल्या प्रसिद्ध चित्रात तर काच निर्दोष आहे, पण समकालीनांच्या सांगण्यानुसार तेथील अस्थी चित्रासाठी बाहेर काढून मांडल्या होत्या. तेथे फेरफार काचेवर नव्हे, तर भूमीवरच झाला.

यावरून एक निकष हाती लागतो. प्रश्न हात लावला की नाही, हा नसून दिलेली ग्वाही पाळली की मोडली, हा आहे. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मधील आपल्या सुप्रसिद्ध चंद्रोदय-चित्राचे आकाश पुढील दशकांत अधिकाधिक काळे छापले. परंतु चंद्र आणि गाव आपापल्या जागीच राहिले. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठाच्या उभ्या आकारासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले, तेव्हा स्थळाची ग्वाहीच मोडली. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीतील पत्र सूचना कार्यालयाने प्रधानमंत्र्यांच्या चेन्नईतील पूरपाहणीचे जे चित्र प्रसृत केले, त्यात विमानाच्या खिडकीत दुसरेच दृश्य बसविलेले होते. कार्यालयाने चित्र मागे घेतले व दोन चित्रे एकत्र केल्याबद्दल खेद व्यक्त केला. पूर खरा होता, पाहणीही खरी होती. पण या खिडकीतून या क्षणी हे दिसले, एवढे एकच विधान खोटे होते. आणि छायाचित्राला करता येण्याजोगे विधान तेवढेच असते.

आज दिल्लीच्या भूदृश्यात हा प्रश्न आकाशापाशी येऊन ठेपला आहे. वाहने, कारखाने, बांधकामांची धूळ, शेजारच्या राज्यांत जाळले जाणारे भाताचे खुंट आणि हिवाळ्यात जमिनीलगत कोंडलेली थंड हवा यांमुळे नोव्हेंबरमध्ये इंडिया गेटपासून गुरुग्रामच्या मनोऱ्यांपर्यंत सारे धुरक्यात बुडते. २०१५ पासून ॲडोबीच्या लाइटरूममध्ये धुरके विरळ करण्याची स्वतंत्र कळ आहे. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये सबंध आकाशच बदलण्याची सोय आली. समुद्रकाठच्या सकाळी अशी कळ फिरविणे ही सफाई ठरेल. दिल्लीच्या नोव्हेंबरमध्ये ती साक्ष पुसणे ठरते. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच पाठात शिकविले जाते की, पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे. धूर हा हेतू आहे. तोच पुसला तर अनुमान उरत नाही. मरे यांनी आकाश झाकले, कारण त्यांच्या निगेटिव्हला ते टिपता येत नव्हते. आजचा कॅमेरा ते नेमके टिपतो आणि आपण ते काढून टाकतो. ऑक्टोबर २०१९ मधील धूसर आणि एप्रिल २०२० मधील, टाळेबंदीच्या काळातील, निरभ्र इंडिया गेटची चित्रे शेजारी ठेवून वृत्तसंस्थांनी जी तुलना मांडली, तिचे सारे बळ कोणीही ती कळ फिरविली नाही या विश्वासात होते.

छायाचित्रकार हा कलावंत आहे, त्याच्यावर पुराव्याचे ओझे कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु स्वातंत्र्य घेणे आणि घेतलेले स्वातंत्र्य लपविणे या भिन्न गोष्टी आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना याचे उत्तर परकीय वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी पाठ निवडले, सुधारलेही. पण प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी पाठभेद नोंदविले. त्या तळटिपांमुळे संपादकाचे कर्तृत्व उणावले नाही. उलट, वाचकाला ते तपासता आले म्हणून ते विश्वसनीय ठरले. भूदृश्याच्या छायाचित्रालाही अशी नोंद हवी : स्थळ, दिनांक, केलेला बदल, आणि जपून ठेवलेली मूळ प्रत. शंभर वर्षांनी दिल्लीच्या हवेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एखाद्या संग्रहात आपली चित्रे सापडतील. त्यांतील निळे आकाश खरोखर निळे होते का, हे त्याला त्या चित्रांकडे नुसते पाहून कळणार नाही. ते आपण लिहून ठेवले असेल, तरच कळेल.