आडवाट आणि बाण : मुक्तविश्वी व्हिडिओ गेममधील आडमोहिमांचा भाषिक विचार

‘ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूपुढे एक मुख्य मोहीम ठेवलेली असते आणि तिच्या भोवती लहानमोठी शेकडो कामे विखुरलेली असतात. कुणाची हरवलेली वस्तू शोधून आणावयाची असते, कुणाचा निरोप पोहोचवावयाचा असतो, कुठे एखाद्या ओसाड घरात काय घडले याचा छडा लावावयाचा असतो. ही कामे केली नाहीत तरी मुख्य मोहिमेचे काही अडत नाही. त्यांना ‘साइड क्वेस्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना आडमोहीम म्हटले आहे. त्यांच्याविषयी लिहिताना कादंबरीच्या समीक्षेतील ‘उपकथानक’ ही संज्ञा सहज हाताशी येते. परंतु तिचा असा वापर सदोष आहे. उपकथानक लेखकाने मुख्य कथानकाशी बांधून टाकलेले असते आणि वाचकाला ते वगळता येत नाही. आडमोहीम वगळता येते, हेच तिचे व्यवच्छेदक लक्षण होय. खेळाडूने वाट सोडल्यावाचून ती अस्तित्वातच येत नाही.

त्यापेक्षा ‘उपाख्यान’ ही जुनी संज्ञा अधिक जवळची आहे. महाभारताच्या वनपर्वात उपाख्यानांची दाटी झाली आहे ती उगाच नव्हे. पांडवांना बारा वर्षे अरण्यात काढावयाची आहेत, मुख्य कथा थांबलेली आहे, आणि म्हणूनच बृहदश्व ऋषींना युधिष्ठिराला नळाची कथा सविस्तर सांगण्यास सवड मिळते. मुक्तविश्वी खेळांतही मुख्य कथा अशीच थांबून राहते. जगाचा संहार करावयास निघालेला शत्रू खेळाडूची महिनोन्‌महिने वाट पाहतो! टीकाकारांनी या विसंगतीची पुष्कळ थट्टा केली आहे. तथापि या वाट पाहण्यावाचून आडवाटेला वावच राहिला नसता, हे ध्यानी घेतले पाहिजे. तेव्हा आडमोहिमेचे मूल्य मुख्य कथेशी असलेल्या तिच्या नात्यावरून ठरविणे व्यर्थ आहे. वाट सोडणाऱ्याला ती काय वाचावयास लावते, यावरून ते ठरविले पाहिजे.

या दृष्टीने २००२ साली बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘मॉरोविंड’ हा खेळ आजही विचारार्ह आहे. त्याचा प्रारंभच एका पुडक्यापासून होतो. बालमोरा नावाच्या गावी राहणाऱ्या कायस कोसेडीस या इसमाला कागदपत्रांचे एक पुडके नेऊन द्यावयाचे, एवढीच आज्ञा खेळाडूला मिळते. पुडके पोहोचल्यावर हा गृहस्थ नव्या माणसाला ताबडतोब कामाला जुंपीत नाही. आधी देश हिंडून ये, चार कामे कर, अनुभव मिळव आणि मग परत ये, असे तो सुचवितो. मुख्य मोहीम स्वतःच आडमोहिमांकडे बोट दाखविते, असा हा प्रकार आहे. आणि या आडमोहिमांचा पत्ता बहुधा शब्दांतच मिळतो. नकाशावर लक्ष्याची खूण उमटत नाही. माणसे बोलतात, त्यांचे बोलणे रोजनिशीत उतरते, आणि ते वाचून खेळाडूने चालू लागावयाचे असते. पूल ओलांडून उत्तरेस जावे, नदी सोडू नये, दुसऱ्या फाट्याला वळावे, डोंगराच्या कुशीत दार दिसेल, अशा थाटाची ही वर्णने आहेत. ती कित्येक ठिकाणी अपुरी आहेत, क्वचित चुकीचीही आहेत. त्यामुळे खेळाडू तासन्‌तास भटकत राहतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात परिचयाचे बरेच काही दिसेल. पत्ता सांगणाऱ्या वाक्यात तीन गोष्टी असाव्या लागतात : एक खूण, एक दिशा आणि बोलणाऱ्याचे स्वतःचे ठिकाण. यांपैकी तिसरी गोष्ट बहुतेक वेळा अध्याहृत असते आणि ऐकणाऱ्याने ती भरून काढावयाची असते. तेव्हा पत्ता समजून घेणे म्हणजे क्षणभर सांगणाऱ्याच्या जागी उभे राहून त्याच्या डोळ्यांनी प्रदेश पाहणे होय. ‘मॉरोविंड’मधील शोधाचा आनंद गुहेत सापडणाऱ्या तलवारीपेक्षा या स्थानांतरात अधिक आहे. एखाद्या शेतकऱ्याने ‘मोठा खडक’ म्हणून सांगितलेला खडक खेळाडूला प्रथम दिसतच नाही. तिथल्या माणसांना मोठा वाटणारा खडक कोणता, हे कळल्यावर तो दिसतो.

मराठी वाङ्मयात अशा लेखनाचा एक फार जुना नमुना आहे. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांचे अटन आहे, आणि त्याचा ‘एकांक’ हा भाग तर त्यांच्या एकाकी भ्रमणाचाच आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्याहून महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे ‘स्थानपोथी’. चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, निजले, ती स्थाने या ग्रंथात गावोगावच्या क्रमाने नोंदली आहेत. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कुठे, चौक कुठे, नदी कोणत्या अंगाला, अमुक स्थान तमुक स्थानाच्या कोणत्या बाजूस, असे हे वर्णन चालते. चित्र नाही, आराखडा नाही. केवळ शब्दांच्या आधाराने मागाहून येणाऱ्याला ते स्थान सापडावे आणि त्याने तेथे नमस्कार करावा, असा हेतू आहे. या ग्रंथाकडे आजवर पंथीय भूगोल आणि मूर्तिशास्त्र यांचे साधन म्हणून पाहिले गेले. पत्त्याची भाषा म्हणूनही त्याचा स्वतंत्र अभ्यास होण्याजोगा आहे. एवढ्या रुक्ष यादीवजा गद्यात भक्तीचे सामर्थ्य कुठून येते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे की, ते गद्य वाचणाऱ्याला चालावयास लावते.

‘मॉरोविंड’नंतर चारच वर्षांनी, २००६ साली, त्याच संस्थेने ‘ऑब्लिव्हियन’ प्रसिद्ध केला आणि पडद्याखालच्या होकायंत्रावर लक्ष्याकडे रोखलेला बाण आणला. मोठी शहरे तर आरंभापासूनच नकाशावर होती आणि तेथे एका क्षणात पोहोचता येत होते. या बदलाचे कारण केवळ खेळाडूंचा आळस नव्हे. ‘मॉरोविंड’मधील संभाषण बहुतांशी लिखित होते, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ते सर्व नटांच्या आवाजात मुद्रित केले गेले. लिहिलेले वाक्य शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते. मुद्रित वाक्य मात्र, गुहा ओढ्याच्या डाव्या काठावरून उजव्या काठावर नेली की, खोटे पडते. आवाज आला तेव्हा शब्दांनी पत्ता सांगणे महाग झाले आणि बाण स्वस्त ठरला. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये तर काही आडमोहिमा यंत्रच जुळवू लागले. माणूस कोण, वस्तू कोणती, ठिकाण कुठले, या रिकाम्या जागा ते भरून देते. अशा मोहिमेत पत्ता सांगणारे कुणी नसतेच, कारण तो पत्ता कुणाला ठाऊकच नसतो.

हेच स्थित्यंतर पडद्याबाहेर पाहावयाचे असेल तर मुंबई–नाशिक महामार्गावरील मानकोली नाक्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. या नाक्यावरून अंजूर फाट्याकडे जाणारा रस्ता आणि आसपासच्या वळ, दापोडे, गुंदवली, राहनाळ या गावांचे शिवार गोदामांनी व्यापले आहे. मुंबई-ठाण्याच्या घरोघरी जाणारा माल येथे उतरतो आणि येथूनच पुढे निघतो. अर्थात ‘हे पुडके अमुक ठिकाणी नेऊन दे’ ही मोहीम येथे रात्रंदिवस चाललेली असते. गोदामांच्या वसाहती एकीसारखी दुसरी. पत्ता म्हणजे कंपाउंडचे नाव, इमारतीचा क्रमांक आणि गाळ्याचा क्रमांक. मोबाइलवरील नकाशा येण्यापूर्वी ट्रकचालकाला नाक्यावर थांबून विचारावे लागे. सांगणारा माणूस गावातला असला तर त्याच्या सांगण्यात देऊळ, तळे, बुजलेला ओढा, भाताचे खाचर होते ती जागा, असे सगळे येई. जमिनीची आधीची ओळख तिच्यावर गोदाम उभे राहिल्यानंतरही पत्त्याच्या वाक्यात टिकून राहत असे. मोबाइलवरील बाणाला या ओळखीचे कारण पडत नाही. अंजूर फाट्यावर वळणाऱ्या चालकाला ते अंजूर गंगाजी नाईकांचे, १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत आणि ‘साष्टीच्या बखरी’त ज्यांचे नाव गाजले त्यांचे, हे कळण्याचा संभव पूर्वीही थोडाच होता, पण विचारावे तर लागत होते.

येथे बाणाच्या बाजूनेही बोलणे प्राप्त आहे. नाक्यावर येणारे सर्वच चालक मराठी जाणणारे नसतात. परप्रांतातून आलेल्या माणसाला गावच्या बोलीतले वळणावळणाचे सांगणे किती कळणार? बाणाला भाषा नाही, म्हणून तो सर्वांना सारखाच कळतो. खेळाच्या बाबतीतही हे खरे आहे. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. तेथल्या एखाद्या मुलाच्या हाती ‘मॉरोविंड’ दिला तर त्यातली पानेच्या पाने भरलेली इंग्रजी रोजनिशी त्याला वाट दाखवील की त्याची वाट अडवील? बाणामुळे हे खेळ अशा मुलांना खुले झाले, हा लाभ लहान नव्हे. जुन्या खेळांच्या चाहत्यांची बाणावरची चीड पुष्कळदा इंग्रजी सहज वाचणाऱ्यांची चीड असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मात्र यावरून निष्कर्ष निघतो तो पत्ता परभाषेत असू नये एवढाच. पत्ताच नसावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बाण आणि शब्द एकाच कृतीत शेजारी आल्यास काय होते, हे सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडमधील संस्थेच्या ‘द विचर ३’ (२०१५) या खेळात दिसते. त्याच्या आरंभीच्या प्रदेशात एक म्हातारी आपली तव्यासारखी भांडी असलेल्या घराचे दार बंद झाल्याची तक्रार करते. कुणा परक्याने तिचा तवा नेला आहे आणि तो तिला परत हवा आहे. काम क्षुल्लक आहे. आत शिरल्यावर मात्र एक प्रेत दिसते, जळालेले कागद दिसतात, आणि तव्याची काजळी खरवडून कुणी शाई केली होती हे उमगते. युद्धकाळातल्या हेरगिरीचा एक तुकडा म्हातारीच्या तव्याला चिकटलेला आहे. तिला त्याचे सोयरसुतक नाही, तवा लखलखीत मिळाला याचे समाधान आहे. येथे नकाशावर खूण असूनही वाचन उरते, कारण खूण घरापर्यंत नेते आणि पुढचे घरातल्या वस्तू बोलतात. याच खेळात स्केलिगेच्या समुद्रावर मात्र प्रश्नचिन्हांचा सडा पडला आहे. होडी न्यावी, पाण्यात तरंगणारी चोरट्या मालाची पिंपे फोडावीत, पुढच्या चिन्हाकडे जावे. प्रश्नचिन्ह असून प्रश्न नाही, अशी ही अवस्था आहे. एकाच लेखकवर्गाच्या हातून दोन्ही घडले, यावरून दोष खुणेचा नसून खुणेपलीकडे काही न ठेवण्याचा आहे, हे स्पष्ट होते.

शब्दांवाचूनही वाचन संभवते, याचे सर्वांत ठळक उदाहरण काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान नसलेल्या एका खेळात आहे. हिदेओ कोजिमा यांच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ (२०१९) चा नायक ओझी वाहणारा माणूस आहे. महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्या वर्गातला माणूस महाकथेचा नायक होणे ही घटना मानकोलीच्या वाचकाला तरी दखल घेण्याजोगी वाटावी. कुठे जावयाचे ते या खेळात आधीच माहीत असते. पण पाठीवरच्या ओझ्याचा तोल सांभाळून प्रत्येक दगड, उतार आणि नदीची खोली पाहत जावे लागते. एका खेळाडूने लावलेली शिडी वा बांधलेला पूल दुसऱ्याच्या जगात उपयोगी पडतो. शब्दांनी सांगितला जाणारा पत्ता येथे वस्तूंनी सांगितला जातो, आणि अनोळखी माणूसच तो सांगतो.

निन्टेन्डोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये मनोऱ्यावर चढले की प्रदेशाचा आराखडा उलगडतो, पण त्यावरच्या खुणा खेळाडूने स्वतः करावयाच्या असतात. शिवाय कास नावाचा गायक कोड्यांची गीते गाऊन गुप्त स्थानांचे पत्ते देतो. ‘एल्डन रिंग’ (२०२२) आला तेव्हा त्यात कामांची नोंदवहीच नव्हती. भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर मागाहून एका सुधारणेने आल्या. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ (२०१८) ने तर दोन्ही मार्ग खुले ठेवले. एकात बाण आहे. दुसऱ्यात लक्ष्य कोणत्या प्रदेशात, कशाच्या दक्षिणेस वा पश्चिमेस आहे, हे सांगितले जाते आणि शोध खेळाडूवर सोपविला जातो. भाषा ही आवडीनुसार निवडण्याची सोय झाली, हे पाहून एखाद्या व्याकरणकाराला खेद वाटेल. पण ती निवडता येते, हेही काही कमी नाही.

महाराष्ट्रात घडलेल्या खेळांपैकी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हा गुणी आहे, परंतु त्याची वाट एकेरी आहे, भिंतींवरील चित्रांतून देवादिकांच्या कथा सांगितल्या जातात, एवढेच त्यातले थांबे. येथे उद्या कुणी मुक्तविश्वी खेळ रचला आणि त्यातल्या माणसांच्या तोंडी मराठीत पत्ते घातले, तर एक अडचण प्रथमच उभी राहील. इंग्रजीतील ‘उत्तरेस’ सर्वत्र उत्तरेसच राहते. ठाण्याहून निघालेल्या माणसाला ‘मानकोली नाक्याच्या अलीकडे’ म्हणून सांगितलेली जागा पडघ्याहून येणाऱ्याला सांगताना ‘नाक्याच्या पलीकडे’ होते. खेळातल्या एकाच चहावाल्याला, विचारणारा कोणत्या बाजूने आला आहे ते पाहून, दोन वेगळी वाक्ये बोलावी लागतील. आणि ती दोन्ही नटाकडून मुद्रित करून घ्यावी लागतील.