प्रयोगशाळा की रणभूमी? : ‘द व्हॅक्सिन वॉर’मधील विज्ञानचित्रणाची समीक्षा

प्रस्तावना :
विवेक अग्निहोत्री लिखित-दिग्दर्शित ‘द व्हॅक्सिन वॉर’ हा हिंदी चित्रपट 28 सप्टेंबर 2023 रोजी प्रदर्शित झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांच्या ‘गोइंग व्हायरल’ (2021) या पुस्तकावर तो आधारित आहे. नाना पाटेकर यांनी डॉ. भार्गव यांची, तर पल्लवी जोशी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तत्कालीन संचालक डॉ. प्रिया अब्राहम यांची भूमिका साकारली आहे. 2020 च्या आरंभी औरंगाबादसह (आताचे छत्रपती संभाजीनगर) राज्यातील अनेक ठिकाणांहून रुग्णांचे नमुने तपासणीसाठी याच संस्थेकडे जात होते. त्यामुळे या चित्रपटाने प्रयोगशाळेची कोणती प्रतिमा उभी केली, याचा विचार करणे आवश्यक ठरते.

चित्रपटाचे सामर्थ्य :
कोव्हॅक्सिनच्या निर्मितीमागील महिला शास्त्रज्ञांचे श्रम व कौटुंबिक ताण चित्रपटात प्रत्ययकारीपणे येतात. लसीच्या चाचणीसाठी माकडे मिळविताना झालेली धावपळही प्रेक्षकास खिळवून ठेवते. प्रत्यक्षात 20 माकडांवर ही चाचणी झाली होती. संशोधन हे एकट्या प्रतिभावंताचे नव्हे, तर समूहाचे कार्य असते, हे हिंदी पडद्यावर क्वचितच दिसणारे सत्य येथे दिसते.

युद्धरूपकाची मर्यादा :
तथापि शीर्षकातील युद्धाचे रूपक संपूर्ण कलाकृतीवर स्वार होते. युद्धाला आरंभ असतो, शत्रू असतो आणि विजयदिन असतो. विषाणूसंशोधनाला असा विजयदिन नसतो. ही संस्था 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने ‘विषाणू संशोधन केंद्र’ म्हणून स्थापन झाली. 1957 मध्ये तिने क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू शोधला. तोच ताप 2016 मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात पसरला. 2011 मध्ये गुजरातेतील क्रायमिन-काँगो तापाचे निदान येथेच झाले. पुढे 2012 मध्ये पाषाण येथे जैवसुरक्षा स्तर-4 ची प्रयोगशाळा उभी राहिली. 2018 मध्ये केरळात निपाह उद्भवला, तेव्हा ही पूर्वतयारी उपयोगी पडली. चित्रपटातील ‘युद्ध’ पेटत असताना, मार्च 2020 मध्येच, महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने या संस्थेने गोळा केले. त्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. संकट नसताना चालणारे हे संथ कार्य हाच अशा प्रयोगशाळेचा खरा आधार होय. त्याला कथानकात स्थान नाही.

प्रश्नकर्त्याचे स्थान :
चित्रपटातील दुसरा दोष अधिक गंभीर आहे. राइमा सेन यांनी रंगविलेली पत्रकार ही खलपात्र आहे. लसीविषयी शंका घेणे म्हणजे देशद्रोह, असा ध्वनी तिच्या चित्रणातून उमटतो. वस्तुतः 3 जानेवारी 2021 रोजी कोव्हॅक्सिनला मर्यादित वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेची आकडेवारी उपलब्ध नव्हती. 77.8 टक्के परिणामकारकता दर्शविणारा शोधनिबंध नोव्हेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. लस उपयुक्त ठरली. परंतु त्यामुळे आधी विचारलेला प्रश्न गैरवाजवी ठरत नाही.

उच्च जैवसुरक्षा प्रयोगशाळेची तर रचनाच शंकेवर उभी असते. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवणे, बाहेर जाणारी हवा सूक्ष्म गाळण्यांतून सोडणे, सांडपाणी निर्जंतुक करणे, या साऱ्यामागे ‘मनुष्याकडून चूक होऊ शकते’ हे गृहीत असते. सप्टेंबर 2003 मध्ये सिंगापूर येथील एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यास सार्सची लागण झाली. नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळल्याचे व सुरक्षा अपुरी असल्याचे कळले, ते चौकशी उघडपणे झाल्यामुळेच. प्रश्न विचारणाऱ्यास शत्रू मानणारी संस्कृती भिंतीआड शिरली, तर कोणतीही गाळणी पुरेशी ठरणार नाही.

समारोप :
शास्त्रज्ञांविषयी आदर निर्माण करण्यात हा चित्रपट यशस्वी होतो, विज्ञानाची रीत समजावून देण्यात मात्र तो अपुरा पडतो. समाजाने प्रयोगशाळेकडे केवळ रणभूमी म्हणून पाहिले, तर साथ ओसरताच निधी आणि लक्ष दोन्ही ओसरतील. महाविद्यालयीन अध्यापकांनी हा चित्रपट विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. परंतु त्यानंतरच्या चर्चेत त्या पत्रकाराचे प्रश्न पुन्हा, निर्भयपणे, मांडू द्यावेत.