ट्रॉयचा वेढा : होमरने उभारलेली आणि पुसलेली भिंत

ट्रॉयचे युद्ध खरोखर घडले काय, हा प्रश्न ‘इलियड’च्या अभ्यासात वारंवार अग्रभागी येतो. इतिहासाच्या दृष्टीने तो रास्तच आहे. परंतु समीक्षेत त्याचाच वरचष्मा झाला की महाकाव्य केवळ साक्षीपुरावा होऊन बसते. या काव्यातील वेढ्याचे स्वरूप मात्र अशा वाचनाला सहजी दाद देत नाही.

मुळात हा रूढ अर्थाने वेढाच नाही. नगराची रसद तुटलेली नाही, ट्रॉयचे मित्र ये-जा करतात, शिड्या वा तट फोडण्याची यंत्रे कोठेही नाहीत. लाकडी घोडा आणि नगराचा पाडावही ‘इलियड’मध्ये येत नाही, घोड्याची कथा ‘ओडिसी’त आणि पुढे व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये भेटते. ‘इलियड’ दहाव्या वर्षातील जेमतेम पन्नास दिवसांचे आहे. त्यातही सातव्या सर्गात ग्रीक सैन्य आपल्या गलबतांभोवती भिंत बांधते आणि बाराव्या सर्गात हेक्टर तिचे दार शिळेने फोडतो. वेढा घालणारेच वेढले जातात! ही उलटापालट साधण्यासाठीच कवीला भिंत हवी होती. थ्युसिडिडीझला अशी तटबंदी युद्धाच्या आरंभीच झाली असणार असे वाटले. इतिहासकाराचा तर्क तो. कवीची निकड निराळी होती.

याहून मार्मिक गोष्ट बाराव्या सर्गाच्या आरंभी आहे. युद्ध संपल्यावर पोसायडन आणि अपोलो आयडा पर्वतावरील नद्या नऊ दिवस या भिंतीवर सोडतील आणि किनारा पुन्हा वाळूने झाकून टाकतील, असे होमर सांगून ठेवतो. ज्या कवीने भिंत रचली त्यानेच ती नाहीशी केली, हे ॲरिस्टॉटलचे मत स्ट्रॅबोने नोंदविले आहे. पुरावा मागणाऱ्याला कवीने आधीच उत्तर दिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हाइनरिश श्लीमानला हे उत्तर पुरेसे वाटले नाही. फ्रँक कॅल्व्हर्टने दाखविलेल्या हिसार्लिक टेकडीत त्याने 1871 ते 1873 या काळात प्रचंड चर खणला. 1873 मध्ये सापडलेला तथाकथित ‘प्रायमचा खजिना’ दुसऱ्या थरातील, म्हणजे युद्धाच्या कल्पित काळाहून सुमारे हजार वर्षे जुना निघाला. आणि तेथवर पोहोचताना त्याने वरच्या थरांचा बराच भाग नष्ट केला. होमरच्या नद्यांचे काम येथे कुदळीने केले. पुढे डॉर्पफेल्डने सहावा थर युद्धकाळाचा मानला, तर ब्लेगेनने सातव्याचा पूर्वभाग. 1988 पासून कोर्फमानने किल्ल्याबाहेरील वस्तीचा शोध घेतला. हित्ती लेखांतील विलुसा हे नगर म्हणजेच ट्रॉय, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. या साऱ्यातून एक समृद्ध, वारंवार उद्ध्वस्त झालेले नगर सिद्ध होते; अकिलीजचा क्रोध त्यातून सिद्ध व्हायचा नाही.

पंधराव्या सर्गात अपोलो ग्रीकांची ती भिंत, पोराने वाळूचा खेळ मोडावा तशी, पाडतो. तरीही चोविसाव्या सर्गात तिचे दार जागेवर असते. हर्मीस पहारेकऱ्यांना झोपवितो, अडसर सारतो, आणि मुलाचे प्रेत मागावयास निघालेला वृद्ध प्रायम अकिलीजच्या निवासाकडे आत जातो.