मुके फासे

दिवाळीच्या अंकात जुगाराचा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडू नये. ज्या पाडव्याला आपण नवी वही पुजतो, त्याच कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्या जुन्या शास्त्रकारांनी द्यूतप्रतिपदा असेही एक नाव देऊन ठेवले आहे. कथा अशी की या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले आणि शंकर हरला. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, ज्याला लोक 'रावण की खाई' म्हणतात, हा प्रसंग दगडात कोरलेला आहे. देव आणि देवी समोरासमोर बसली आहेत, मागे सेवकजन उभे आहेत आणि खाली नंदीभोवती लठ्ठ गणांचा घोळका जमला आहे. मला या शिल्पात आवडते ती त्यातली गर्दी. द्यूत म्हटले की समोर कुणीतरी बसलेले असावे, भोवती चार डोळे असावेत, फाशांचा खडखडाट असावा, हे त्या अनाम शिल्पकाराने गृहीत धरले होते. व्यासांनीही तेच गृहीत धरले होते.

ज्या द्यूताविषयी मी लिहिणार आहे त्यात यांतले काहीच नाही. आमच्या कासारवाडीच्या स्टेशनात सकाळी लोणावळ्याकडे जाणारी लोकल येते, तेव्हा डब्यातल्या निम्म्या माना खाली झुकलेल्या असतात. नाशिक फाट्यावर चाकणच्या कारखान्यांच्या बसगाड्यांची वाट पाहणारी मंडळीही तशीच. त्यातला कोण बातम्या वाचतो, कोण घरच्यांशी बोलतो आणि कोण फिरत्या चक्रावर दहा रुपये लावतो, हे शेजारी बसलेल्याला कळत नाही. आवाज बंद केलेला असतो. निरोप आल्याची खूण दिसली की अंगठा हलतो आणि कॅसिनो नाहीसा होतो. त्यासाठी फोनमध्ये काही उतरवून घ्यावे लागत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की झाले. मराठीत 'पत्ता' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही एकाच वेळी खरे ठरावेत असा योग या खेळाने आणला आहे.

समीक्षकाने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. कारण सांगतो. कासारवाडीतल्या काही हौशी मुलांनी एक एकांकिका लिहून माझ्याकडे वाचायला आणली. दिवसपाळी-रात्रपाळी करून नाटक बसवणारी ही मुले. त्यांच्या उत्साहाचे कौतुक करावे तेवढे थोडे. विषय हाच. नायक चाकणला कंत्राटी कामगार, मोबाईलवर कॅसिनो खेळून कर्जबाजारी होतो, बायकोचे दागिने जातात. लेखन बेताचे. खलपुरुष म्हणून त्यांनी दुबईचा एक शेठ घातला होता. काळा चष्मा, सोन्याची साखळी, अधूनमधून गडगडाटी हास्य. हा शेठ वाचता वाचता मला कंटाळा आला. पण मधेच एके ठिकाणी नायकाची बायको त्याला विचारते, "तुम्ही हरलात तेव्हा समोर कोण होतं?" आणि नायकाला उत्तर सुचत नाही. मी तिथे थांबलो. लेखक मुलाला विचारले, हे वाक्य कसे सुचले? तो म्हणाला, "सुचलं नाही सर. वहिनीनं दादाला विचारलं होतं." मग तो बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत बसला. मीही आणखी काही विचारले नाही.

त्या वहिनींच्या प्रश्नाने मला सभापर्व पुन्हा उघडायला लावले. द्रौपदीही प्रश्नच विचारते. न्यायला आलेल्या प्रातिकामीला ती परत पाठवते आणि विचारायला सांगते की धर्मराज आधी स्वतःला हरले की मला. या प्रश्नाने सारी सभा अडचणीत येते. भीष्माला धर्म सूक्ष्म आहे असे म्हणावे लागते, विकर्ण उठून बोलतो, विदुर तर खेळ सुरू होण्यापूर्वीपासून बोलत असतो. कुणी ऐकत नाही हे खरे. पण प्रश्न विचारायला जागा होती. शकुनी होता, त्याचे डोळे होते, प्रत्येक पणानंतर जिंकल्याचे सांगणारा त्याचा तो एकसुरी उद्गार होता. युधिष्ठिराचे द्यूत हे नाट्य आहे ते यामुळे. आणि मुख्य म्हणजे त्याला शेवट आहे. पुन्हा बोलावून अनुद्यूत झाले, बारा वर्षांचा वनवास आणि एका वर्षाचा अज्ञातवास पदरी पडला आणि पट आवरला गेला. मोबाईलवरचा पट आवरलाच जात नाही. त्यात अंक नाहीत, पडदा नाही, रात्र झाली म्हणून सभा उठत नाही.

शूद्रकाने तर जुगाऱ्याचे मन एका हास्यकारक प्रवेशात उघडे करून दाखवले आहे. देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणले ते आपल्या वाचकांना परिचितच आहे. मी बोलतो आहे तो मूळ नाटकाचा दुसरा अंक. संवाहक नावाचा अंग रगडणारा दहा सुवर्ण हरून पळाला आहे. माग लागू नये म्हणून तो उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. अड्ड्याचा मालक माथुर आणि जिंकलेला जुगारी त्याच्यामागे येतात, त्यांना संशयही येतो, आणि ते तिथेच मूर्तीसमोर फासे टाकू लागतात. बिचारा संवाहक! फाशांचा आवाज कानी पडला आणि दगडाला जीव फुटला. 'माझा डाव' म्हणून तो पुढे सरसावतो आणि पकडला जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तातला जुगारीही असाच. आता खेळायचे नाही असे ठरवतो, आणि पटावर फासे खुळखुळले की त्याचा निश्चय गळून पडतो. म्हणजे किमान तीन हजार वर्षे आपल्या वाङ्मयात जुगाराची भूल कानांतून आत शिरत आली आहे.

मग आवाज बंद केलेल्या मोबाईलने काय केले? त्याने संवाहकाला मूर्ती होण्याची गरजच ठेवली नाही. देऊळही खिशात आणि अड्डाही खिशात. आता लपायचे ते माथुरापासून नव्हे, घरच्यांपासून. संवाहकाला निदान दर्दुरक नावाचा एक जुगारीच मदतीला धावतो. माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकून त्याला पळवतो. पुढे वसंतसेना त्याचे ऋण फेडते आणि तो भिक्षू होतो. डब्यात शेजारी बसलेल्या माणसाला दर्दुरक व्हायचे असले तरी तो कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकणार?

या खेळांचे अंतरंग पाहावे म्हणून एका तरुण स्नेह्याकडून मी ते पैसे न लावता दाखवून घेतले. बहुतेक खेळ कलाकृती म्हणून अगदीच सामान्य आहेत. चेरी, घंटा, इजिप्तचे राजे, कधी आपला गणपतीसुद्धा, अशी चित्रे गरागरा फिरतात आणि थांबतात. त्यात एक लबाडी मात्र अशी आहे की जिला दाद द्यावी की शिव्या, ते कळेना. दहा रुपये लावून चार रुपये परत आले तरी पडद्यावर नाणी उधळतात आणि 'जिंकलात' असे झळकते. सहा रुपये गेले, पण उत्सव झाला. नताशा डाउ शूल या अमेरिकन अभ्यासिकेने लास वेगासच्या यंत्रांवर २०१२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे म्हणणे असे की यंत्रापुढे बसलेल्यांपैकी पुष्कळांना जिंकायचेही नसते, त्यांना त्या तंद्रीत राहायचे असते. हे वाचले तेव्हा मला सुधाकराची आठवण झाली. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तला सुधाकर काही चवीसाठी पीत नाही. अपमान विसरण्यासाठी तो पहिला प्याला घेतो. कंत्राट संपत आलेल्या माणसाला रात्रपाळीनंतर काय विसरायचे असते, ते मी सांगायला नको.

एका खेळात मात्र नाट्य आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पडद्यावर एक विमान वर वर चढत जाते आणि तुमच्या रकमेचा गुणाकार वाढत जातो. दीडपट, दुप्पट, पाचपट. विमान कोणत्याही क्षणी निसटून जाते. तत्पूर्वी पैसे काढून घेतले तर ते तुमचे, नाही तर सारे गेले. चढण, लोभ, क्षणात कोसळणे, एवढे सगळे काही सेकंदांत! शोकांतिकेचा सांगाडा इतक्या थोड्या जागेत बसवणाऱ्याची बुद्धी असामान्य म्हटली पाहिजे. पण शोकांतिकेत नायक पडतो आणि आपण घरी जातो. इथे नायक पडला की लगेच दुसरे विमान निघते. बाजूला इतर खेळाडूंनी किती मिळवले त्याची यादी सरकत असते. ती माणसे खरी की सोंगे, हे प्रेक्षकाला तपासता येत नाही. वेरूळच्या गणांची जागा या यादीने घेतली आहे.

आता थोडे गणित, कारण त्यावाचून टीका पांगळी राहील. नलोपाख्यानात नळ पुष्कराकडून सर्वस्व हरतो. त्याला पुन्हा जिंकवते ते दैव नव्हे, विद्या जिंकवते. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजून दाखवतो. नळ रथ थांबवून खात्री करून घेतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात ते अक्षहृदय मागतो. फाशाचे हृदय म्हणजे मोजणी. रूलेटच्या चक्रावर शून्य धरून सदतीस घरे असतात. एका आकड्यावर रुपया लावून तो आला तर पस्तीस रुपये नफा आणि तुमचा रुपया परत. सदतीसही घरांवर एकेक रुपया लावून पाहा. सदतीस गेले, छत्तीस आले. तो एक रुपया मालकाचा. शेकड्याला पावणेतीन रुपयांहून थोडे कमीच, यात फसवणूकही नाही. पण फिरत्या चित्रांचा खेळ सहा सेकंदांत एक डाव उरकतो असे धरले तर तासाला सहाशे डाव होतात. दहा रुपयांच्या डावाने सहा हजार रुपयांची उलाढाल होते, आणि मालकाचा वाटा शेकडा चार धरला तरी सरासरीने तासाला दोनशे चाळीस रुपये त्याच्याकडे जातात. पुष्कराजवळ अक्षहृदय नव्हते म्हणून नळाला परत जिंकता आले. इथे अक्षहृदय पहिल्यापासून मालकाच्या घरी आहे. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात छळणाऱ्यांमधले द्यूत ते मीच असे सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे निदान दोन्ही पक्षांच्या हाती सारखेच फासे असावेत.

महाराष्ट्राला हा नाद नवा नाही. मुंबईचा मटका १९६० नंतर वाढला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर आकडे लागत. कायदेही आहेत. मुंबई प्रांताचा जुगारबंदी कायदा १८८७ चा. आपल्या राज्याने १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ साली रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षे तो संवाहकासारखा मूर्ती होऊन उभा होता. त्याच २०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला मोबाईलवरच्या क्रिकेटसंघाच्या खेळात दीड कोटी रुपये मिळाले. गणवेशात मुलाखती झाल्या आणि पाठोपाठ निलंबन आले. तो खेळ कॅसिनोचा नव्हे, पण त्या दीड कोटीची गोष्ट कासारवाडीच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर महिनाभर चालली. निलंबनाची त्या मानाने फारच कमी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे सारे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही, हे मला त्यातले शहाणपणाचे कलम वाटते. नामांकित कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. ब्राउझरमधले परदेशी अड्डे मात्र एक पत्ता बंद झाला की अक्षर बदलून दुसरा घेतात.

आमच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता चाकण, मंचर करत नारायणगावला जातो. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. फडांच्या राहुट्या तिथे पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. त्याच नारायणगावात मे २०२४ मध्ये पोलिसांनी एका इमारतीवर छापा घातला आणि ऑनलाइन सट्ट्याचे काम करणारी कितीतरी तरुण पोरे ताब्यात घेतली. ती पगारावर होती. महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन दुसऱ्यांचे डाव सांभाळणारी साधी मुले. म्हणजे त्या वहिनींच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते इतकेच: समोर कुणी असलेच तर तो आपल्यासारखाच नोकरी शोधत आलेला एक मुलगा असणार.

म्हणून मी त्या मुलांना सांगितले की तुमचा दुबईचा शेठ काढून टाका. शकुनीची खुर्ची मांडा, तिच्यावर उजेड टाका आणि ती शेवटपर्यंत रिकामी ठेवा. मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेठची भूमिका करणारा सगळ्यांत चांगला नट आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्याला नवऱ्याची भूमिका द्या, म्हटले. लेखक मुलगा काही बोलला नाही. संहितेची पाने उलटून त्याने बायकोच्या त्या वाक्यापुढे पेन्सिलीने 'स्तब्धता' असे लिहिले आणि किती वेळाची ठेवू, म्हणून मला विचारले.